समोरच्या दुकानाची पाटी

सदर : हलाल रोजी

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस आमचा भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. श्रीवर्धन तालुक्यात आपांच्या सासरची हापूसची बाग आहे. माल वर्षानुवर्षे वाशीला जायचा आणि तिथून येईल ती पट्टी मुकाट्याने घ्यायची, असा व्यवहार. त्या हंगामात भाच्याने ठरवले की पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेटी पोहोचवायची. मोबाइलवर छानसे वेबपान करून घेतले, गूगलवर जाहिरात लावली आणि पंधरा दिवसांत अठरा हजार रुपये घालवून बसला. पेट्या गेल्या अकरा.

"मामू, लोक जाहिरातीवर बोट ठेवतात, पैसे कापले जातात, आंबा मात्र कोणी घेत नाही. वर चारच जण रोज दिसतात. त्यांचे चालते, मग आपलेच का नाही?"

आम्ही विचारले, "त्या चौघांच्या जाहिराती तू नीट वाचल्यास का?"

वाचल्या नव्हत्या. पाहिल्या होत्या, त्यांच्यावर जळफळाटही झाला होता, पण वाचल्या नव्हत्या. घरून बुरखे-अबाया शिवणाऱ्या भगिनी, अत्तर विकणारे तरुण, उमराहच्या छोट्या टूर काढणारे बंधू या सर्वांकडून आम्हाला हीच तक्रार ऐकू येते. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

ज्यांना या व्यवहाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गूगलवर काही शोधले की निकालांच्या वर 'प्रायोजित' असा शिक्का असलेल्या काही ओळी येतात. त्या नुसत्या दिसल्या तर पैसे पडत नाहीत, कोणी त्यांवर क्लिक करून आत गेले की पडतात. ही रीत १९९८ साली अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' या शोधसंकेतस्थळाने आणली. गूगलने आपले जाहिरातींचे दालन २००० साली उघडले आणि २००२ मध्ये क्लिकमागे बोली लावण्याची पद्धत घेतली. प्रत्येक शोधाच्या वेळी नव्याने लिलाव होतो. पण साध्या लिलावात जशी मोठी बोली जिंकते, तसे इथे नेहमी होत नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या शब्दांशी किती जुळते, लोक तिच्यावर जाण्याची शक्यता किती आणि आतले पान कसे आहे, हेही तोलले जाते. त्यामुळे कमी बोलीचा माणूसही कधी वर दिसतो आणि जास्त बोलीचा खाली राहतो.

दुसऱ्यांकडे बघण्याआधी आम्ही भाच्याचेच खाते उघडायला लावले. त्यात 'सर्च टर्म्स' नावाचा तक्ता असतो. लोकांनी नेमके काय लिहिले आणि आपली जाहिरात दिसली, हे तो सांगतो. त्याने शोधशब्द म्हणून 'आंबा' आणि 'हापूस' हे सुटे शब्द दिले होते, तेही गूगल आपणहून देते त्या सैल जुळणीत. तक्त्यात काय निघावे? 'माझे आवडते फळ आंबा निबंध'. एकदा नव्हे, कितीदा तरी. त्याखाली 'आंब्याचे लोणचे कसे करावे', 'आंबा कलम रोपे किंमत'. मुलांनी निबंध लिहिले आणि खर्च आपांच्या बागेने केला! शिवाय ठिकाणाच्या रकान्यात 'त्या शहरात असलेले किंवा त्या शहरात रस असलेले' ही मुळातली निवड तशीच राहिली होती. त्यामुळे पुण्याबद्दल काहीबाही शोधणारा दुबईचा माणूसही त्याच्या पैशाने आत येऊन जात होता. निबंध, रेसिपी, लोणचे, कलम हे शब्द वगळायच्या यादीत टाकले आणि 'त्या शहरात असलेले' एवढेच ठेवले. अर्धी गळती तिथेच थांबली.

उरलेल्या अर्ध्यासाठी बाजार बघावा लागला.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदीनेत आले तेव्हा त्यांच्या हाती काही नव्हते. अन्सारी भाऊ हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराची वाट विचारली. तिथे काय विकले जाते, कोण विकतो, हे पाहून पनीर आणि तुपाच्या व्यवहारातून सुरुवात केली. आमचे तरुण बाजाराची वाट न विचारता थेट दुकान मांडतात, हेच आमचे म्हणणे आहे.

भाच्याला एक दोनशे पानी वही आणायला सांगितली. गिऱ्हाईक काय लिहील असे बारा शब्दसमूह त्यात लिहिले. काही मराठीत, काही इंग्रजी अक्षरांत, कारण पुण्यातली मंडळीसुद्धा बोटाने बहुधा इंग्रजी अक्षरेच दाबतात. 'हापूस आंबा घरपोच पुणे', 'हापूस पेटी भाव', 'देवगड हापूस ऑनलाईन' असे ते शब्द. दोन आठवडे, रोज सकाळी आणि इशाच्या नमाजनंतर एकदा, प्रत्येक शब्दावर कोण दिसले, पहिल्या ओळीत काय लिहिले होते, भाव दिला होता का, कोणता वायदा केला होता, हे सगळे वहीत उतरवायचे.

इथे एक खबरदारी हवी. श्रीवर्धनात बसून शोधले तर पुणेकराला दिसणाऱ्या जाहिराती दिसत नाहीत. त्यासाठी गूगलच्या जाहिरात खात्यातच 'ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस' नावाची सोय आहे. तिथे शहर निवडता येते, आणि आपल्याच जाहिरातीची मोजणी उगाच फुगत नाही. दुसरी खिडकी अधिक मोठी. गूगलने मार्च २०२३ मध्ये 'ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटर' खुले केले. ओळख पडताळलेल्या जाहिरातदाराचे नाव किंवा संकेतस्थळ टाकून देश भारत निवडला की त्याच्या जाहिराती समोर येतात आणि प्रत्येक जाहिरात शेवटी कधी दिसली तेही कळते. फुकट आहे, खाते लागत नाही. व्यापारी जाहिरातीचा खर्च, तिच्यावरचे क्लिक आणि तिचे शोधशब्द मात्र तिथे सांगितले जात नाहीत. प्रायोजित ओळीशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवले तरी जाहिरातदाराचे नाव आणि देश दिसतो. त्या नावांचा माग काढता 'कोकणातल्या बागेतून' म्हणणाऱ्या चौघांपैकी एकाचे गाव बेंगळुरू निघाले, तेव्हा भाचा बराच वेळ गप्प होता.

आता मुख्य प्रश्न असा की यांपैकी कोणाची जाहिरात 'चालली' हे ओळखायचे कसे? दुसऱ्याचे चोपडे आपल्याला दिसत नाही. दिसते ते एवढेच की तो माणूस कोणत्या ओळीसाठी पुन्हा पुन्हा पैसे मोजतो. हल्लीच्या जाहिरातीत ३० अक्षरांपर्यंतचे १५ मथळे आणि ९० अक्षरांपर्यंतची ४ वर्णने देता येतात. त्यांतले कोणते कोणासमोर जोडून ठेवायचे हे गूगलचे यंत्र ठरवते. म्हणून एकदा दिसलेली जाहिरात पाहून काही ठरवू नये. दोन आठवड्यांच्या वहीत जी ओळ वारंवार येते, जी हंगामाच्या आरंभी होती आणि शेवटीही आहे, तिच्याकडे बघावे. भाच्याच्या वहीत 'अस्सल', 'सर्वोत्तम', 'राजा आंबा' असले मथळे येत होते आणि आठवडाभरात गळत होते. डझनाचा भाव थेट मथळ्यात लिहिलेली एका लहान विक्रेत्याची ओळ मात्र शेवटपर्यंत हलली नाही. त्याच्याच दुसऱ्या ओळीत लिहिले होते की खराब निघालेल्या आंब्याचे पैसे परत. तीही टिकली.

लहान विक्रेत्याची, हे आम्ही मुद्दाम म्हटले. चौघांत एक मोठी किराणा पोहोचवणारी कंपनीही होती. तिची जाहिरात वर्षभर टिकली तरी त्यावरून ती नफ्यात आहे असे कळत नाही. तिला आंब्यावर तोटा सोसून नवे गिऱ्हाईक जोडायचे असेल, पुढे वर्षभर पीठ-तेल विकायचे असेल. जो स्वतःच्या खिशातून भरतो आणि तरीही थांबत नाही, त्याचे टिकणे आपल्याला काही शिकवते.

आणि तरीही त्याची ओळ जशीच्या तशी उचलून भागत नाही. याचा हिशेब भाच्याला कागदावर मांडून दाखवला. समजा, खोका, पेंढा, वाहतूक आणि वाशीला जो भाव मिळालाच असता तो वजा जाता एका पेटीमागे चारशे रुपये उरतात. क्लिक चौदा रुपयांना पडतो. म्हणजे २८ क्लिकांत एक पेटी गेली तर जेमतेम बरोबरी. पण त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तो धरला की क्लिक साडेसोळाला पडतो आणि २८ चे २४ होतात. आता समोरचा माणूस आंबा संपला की आमरसाचे डबे विकतो, जुनी गिऱ्हाइके त्याच्याकडे फोनवरून येतात. त्याला पहिल्या पेटीत दोनशेचा तोटा परवडतो. त्याच्याइतकी बोली भाच्याने लावली तर बाग विकावी लागेल. भाच्याचा पहिला हंगाम पेटीमागे सोळाशेहून अधिक जाहिरातखर्चाचा होता, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. अठरा भागिले अकरा, एवढेच तर गणित, पण ते कोणी मांडलेच नव्हते.

शब्दांच्या शोधासाठी गूगलचेच 'कीवर्ड प्लॅनर' पुरे. तिथे स्पर्धकाचे संकेतस्थळ टाकले तर त्या पानाशी जुळणारे शब्द सुचवले जातात. महिन्याचे शोध आणि वरच्या जागेसाठीची बोली साधारण कुठून कुठवर, तेही दिसते. नव्या खात्याला हे आकडे ढोबळ मिळतात, पण दिशा कळते. सेमरश, स्पायफू अशी पैसे घेऊन दुसऱ्यांचे शोधशब्द सांगणारी साधनेही आहेत. त्यांचे आकडे अंदाजाचे असतात, आणि दोन-तीन महिन्यांच्या मराठी मुलखातल्या धंद्यासाठी त्यांची वर्गणी भरावी असे आम्हाला वाटत नाही. तेवढ्यात पेंढा येईल. स्वतःची जाहिरात काही दिवस पुरेशी चालली की खात्यात 'ऑक्शन इनसाइट्स' दिसू लागते. आपल्याबरोबर लिलावात कोण उभे होते आणि किती वेळा ते आपल्या वर दिसले, हे त्यात असते. वही आणि हा तक्ता शेजारी ठेवून बघावे.

या कामात भाच्याच्या एका दोस्ताने त्याला वेगळाच सल्ला दिला होता. रोज रात्री चार-पाच मोबाइलवरून त्या चौघांच्या जाहिरातींवर क्लिक करायचे, म्हणजे त्यांचा दिवसाचा पैसा संपेल आणि आपली जाहिरात वर येईल! बरेच जण हे हसत हसत करतात. गूगल अशा खोट्या क्लिकांना गाळते, पण प्रश्न सापडण्या-न सापडण्याचा नाही. घ्यायचे नसताना गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन बोली चढवणे, ज्याला नजश म्हणतात, त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. सोंग घेऊन दुसऱ्याच्या खिशातले पैसे उडवणे त्याहून बरे कसे असेल? आम्ही भाच्याला सांगितले की समोरच्याचे पान बघायचे तर त्याचा पत्ता वरच्या पट्टीत स्वतः टाइप कर. क्लिक करू नको, त्याचा एक रुपयाही जाता कामा नये. माल बघायचा असेल तर पैसे देऊन एक डझन मागव.

आपांना वेगळीच शंका होती. पवित्र कुरआनात सूरह अल-हुजुरातच्या बाराव्या आयतीत दुसऱ्यांची टेहळणी करू नका, असे बजावले आहे. मग हे दुसऱ्याच्या जाहिराती वहीत उतरवणे त्यातच येत नाही का? शंका रास्त होती. आमची समजूत अशी की जे त्याने झाकून ठेवले आहे ते उकरणे म्हणजे टेहळणी. त्याच्या नोकराला फोडून गिऱ्हाइकांची यादी मिळवणे, खोट्या नावाने फोन करून भाव काढणे, हे सगळे त्यात येईल. पण दुकानावरची पाटी त्याने लोकांनी वाचावी म्हणूनच लावली आहे. ती वाचायला कोणाची हरकत असणार? ज्यांच्या मनात तरीही किंतु असेल त्यांनी आपल्या जाणत्या आलिमांना जरूर विचारावे.

खरी अडचण पुढेच आली. वहीने सांगितले की 'देवगड हापूस' या शब्दावर सर्वांत जास्त जाहिराती येतात आणि 'देवगड' हा शब्द मथळ्यात असलेल्या ओळी टिकतात. भाचा म्हणाला, "मामू, सगळेच देवगड लिहितात. बेंगळुरूवालाही लिहितो. आपण निदान कोकणातले तरी आहोत."

श्रीवर्धन कुठे, देवगड कुठे! मध्ये अख्खा रत्नागिरी जिल्हा आहे. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दाखवणारी हदीस आपांनीच त्याला लहानपणी शिकवली होती. फसवणारा आमच्यातला नाही, हा तिचा आशय. तिच्यासमोर हा युक्तिवाद टिकला नाही. कायद्याचेही पाहा. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. म्हणजे रायगडचा हापूस हा हापूसच आहे. मानांकनाचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती भाच्याने आता केली आहे. दुसऱ्याच्या दुकानाच्या नावावर बोली लावण्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटले की कोणाचे व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून वापरले एवढ्यानेच हक्कभंग होत नाही, पण त्यातून ग्राहकाचा घोळ होत असेल तर होतो, आणि अशा वेळी गूगललाही हात झटकता येणार नाहीत. देवगड हे गावाचे नाव, दुकानाचे नव्हे. तरी आम्ही तीच कसोटी लावली. 'देवगड हापूस' शोधणाऱ्याला 'श्रीवर्धनचा हापूस' अशी स्वच्छ ओळ दाखवायला हरकत नाही, बघणाऱ्याला फरक कळतो. मथळ्यात देवगड लिहायचे नाही.

मग लिहायचे काय? वही पुन्हा उघडली, पण या वेळी कोणी काय लिहिले नाही ते शोधायला. आमच्या मते या सर्व खटाटोपात सर्वांत फायद्याचे हेच वाचन. चौघांपैकी तिघे 'कार्बाइडमुक्त' लिहीत होते. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्याला मुळात कायद्यानेच बंदी आहे. 'आम्ही मापात मारत नाही' अशी पाटी लावण्यासारखेच ते. पण आंबा किती ग्रॅमचा, हे एकानेही सांगितले नव्हते. झाडावरून कधी उतरवला, हेही नाही. आणि मेच्या मध्यानंतर, जेव्हा लहान फळ भरपूर असते आणि घराघरांत आमरस होतो, तेव्हा चौघांपैकी दोघांच्या जाहिराती बंद होत होत्या. भाच्याकडे बाग स्वतःची. कोणत्या दिवशी कोणत्या झाडाला झेला लागला हे त्याला तोंडपाठ. बेंगळुरूहून बसून ते कोणाला सांगता येणार?

यंदा मार्चमध्ये त्याने जे मथळे लावले त्यांतले तीन असे : 'श्रीवर्धनचा हापूस, थेट बाग', 'काढणीची तारीख पेटीवर', 'आंबा २५० ग्रॅमच्या वर'. मेमध्ये चौथा जोडला, 'आमरसाचा लहान हापूस'. डझनाचा भाव आणि खराब फळाचे पैसे परत, या दोन गोष्टी त्या टिकलेल्या जाहिरातीकडून शिकलेल्या, त्याही घातल्या. आतल्या पानावर पहिल्याच पडद्यावर भाव आणि पिनकोडचा रकाना आणला, आजोबांच्या बागेची लांबलचक हकिगत खाली सरकवली. आपांना ते आवडले नाही, पण त्यांनी चालवून घेतले.

हंगामात ७४ पेट्या गेल्या, जाहिरातीचा खर्च करासह सतरा हजार. म्हणजे पेटीमागे सुमारे २३०. पहिल्या जागेवर तो फारच थोडे दिवस दिसला. बाकीचा माल नेहमीप्रमाणे वाशीला गेला, आणि तो पुढेही बराच काळ जाईल.

हा मजकूर लिहीत असतानाच त्याचा फोन आला. आवाज चढलेला. ट्रान्स्परन्सी सेंटरवर त्या बेंगळुरूच्या विक्रेत्याची नवी जाहिरात आली आहे आणि तिच्यात लिहिले आहे, 'काढणीची तारीख पेटीवर'.

"मामू, त्याने आपली ओळ उचलली!"

आम्हाला हसू आवरेना. त्याच्याकडेही एक वही आहे म्हणायची. फोन आपांनी घेतला आणि त्यांनी एवढेच विचारले, की मग तो खरेच पेटीवर तारीख घालतो का? भाच्याने त्याच्याकडून पैसे भरून एक डझन मागवला आहे. पेटी अजून यायची आहे.